दगडफुलाच्या डब्यातल्या गोळ्या

सोनू, आखाजीला मी धुळ्याहून जळगावला आले, तेव्हा तू दार उघडलंस आणि लगेच ओढणी कपाळावरून पुढे ओढून घेतलीस. "खोकल्याचं आहे ना ताई, म्हणून झाकते," म्हणालीस. खोकल्यासाठी मास्क तर होताच तुझ्या तोंडावर. ओढणी कपाळासाठी होती, हे मला तिथंच उंबऱ्यात कळलं.

गल्लीतल्या पोरी निंबाखाली झोक्यावर होत्या. दर वर्षी सगळ्यांच्या आधी झोका धरणारी तू आत पंख्याखाली भिंतीकडे तोंड करून पडून राहिलीस. दुपारी मावशी म्हणाली, मसाल्याचं सामान काढ गं, भाजून टाकू. मी फळीवरचा दगडफुलाचा डबा काढला. वर्षातून एकदा उघडतो तो. झाकण काढलं तर वर वर्तमानपत्राची पुडी, आणि पुडीत त्या गोळ्या. मऊ, गोल, विटकरी-तपकिरी. मी मोजल्या. एकवीस निघाल्या.

तू मागं येऊन उभी राहिलीस. "कोन्ले सांगू नको, ताई," एवढंच म्हणालीस. आणि थोड्या वेळानं, खाली बघून, "मना तं रंगच गया ना."

मी डबा होता तसा ठेवून दिला. मावशीला म्हटलं, दगडफुलाला जाळी लागलीय, पुढच्या खेपेला नवीन आणते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या एसटीत पारोळा येईपर्यंत मला रडू आवरलं नाही. तुझ्या रंगासाठी मी रडत नव्हते, सोनू. ती गोळी मी ओळखते. वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून दोन वर्षं मी तीच गोळी खाल्ली आहे. हे घरात फक्त माझ्या आई-वडिलांना ठाऊक होतं, आणि नंतर तुझ्या भाऊजींना. आता तुला सांगते. तुझं नाव बदलून इथं लिहायला तू हो म्हणालीस, म्हणून तुझ्यासारख्या ज्या कोणी ओढणी पुढे ओढून बसल्या असतील, त्यांनाही ऐकू दे.

१९९६ची गोष्ट. मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. भाकरी करताना मनगटाच्या वर तव्याचा चटका बसला आणि मला कळलाच नाही. आईला करपल्याचा वास आला, तेव्हा मी हात बघितला. तिथं कधीपासून एक फिकट चट्टा होता, पाठीवरही होते. गावात कुष्ठरोग तंत्रज्ञ यायचे, त्यांनी डोळे मिटायला सांगून कापसाच्या काडीनं चट्ट्यावर स्पर्श केला आणि विचारलं, कुठं लागलं दाखव. मला काहीच दाखवता आलं नाही. सांसर्गिक प्रकार निघाला. त्या काळी त्याला दोन वर्षांचा कोर्स होता. महिन्यातून एकदा केंद्रात त्यांच्यासमोर गोळ्या गिळायच्या, बाकीचं पाकीट घरी न्यायचं. त्या पाकिटात तीन औषधं होती, आणि त्यातली विटकरी गोळी म्हणजे क्लोफाझिमीन. तुझ्या पुडीतली.

चौथ्या-पाचव्या महिन्यात माझं तोंड आधी तांब्यासारखं झालं, मग जांभळट काळं. चट्टे तर आजूबाजूच्या कातडीपेक्षाही गडद. नडग्यांवर माशाच्या खवल्यांसारखी कातडी सुटायची. बाबा सगळ्यांना सांगायचे, रक्तशुद्धीचं औषध चालू आहे. शेजारच्या बाया म्हणायच्या, पोरगी उन्हात फार हिंडते. मी आरसा उलटा करून ठेवला होता. मला कोणीही आधी सांगितलं नव्हतं की या गोळीनं असं होतं. मला वाटायचं, रोगच वाढतोय, आता हातापायाची बोटं जाणार. तुलाही कोणी सांगितलं नसणार, आणि याचा मला फार राग आहे. गोळी हातात देताना दोन मिनिटं बसून कोणी म्हणालं असतं, 'पोरी, रंग बदलेल, तो औषधाचा आहे, नंतर जाईल,' तर त्या डब्यात पुडी गेली नसती.

माझा रंग परत आला. १९९८ला गोळ्या संपल्या, आणि त्यानंतर वर्ष-दीड वर्षात हळूहळू, ओसरत्या पुरासारखा तो उतरत गेला. मावशीच्या बैठकीत माझ्या लग्नाचा, २००० सालचा फोटो लावलेला आहे. आज संध्याकाळी जाऊन बघ. तो बघून कोणाला कळेल का?

हे औषध मुळात एक रंग आहे गं. लाल रंग. ते चरबीत विरघळतं आणि कातडीखालच्या चरबीत जाऊन बसतं, हळदीचा डाग लुगड्यात मुरतो तसं. म्हणून ते फार सावकाश निघतं. शरीरातलं अर्धं औषध बाहेर पडायलाच ७० दिवसांच्या आसपास लागतात, मग उरलेल्यातलं अर्धं, मग त्याच्यातलं अर्धं. कोणाचा रंग काही महिन्यांत जातो, कोणाला वर्षाच्या वर लागतं. तुझ्या पांढऱ्या ओढणीला घामाचे गुलाबी-तांबडे डाग पडले होते, ते तू रात्री चोरून धूत होतीस, मी पाहिलं. लघवीला, डोळ्यांच्या पाण्यालाही तसा रंग येतो. ते रक्त नाही.

आणि हे ऐक, मला पुढे वाचताना कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता. ही गोळी माझ्या रोगासाठी बनलेलीच नव्हती. तुझ्या रोगासाठी बनली होती. आयर्लंडमधल्या डब्लिन शहरात, ट्रिनिटी कॉलेजमध्ये, व्हिन्सेंट बॅरी नावाचे शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी क्षयावर औषध शोधत होते. त्यांची सुरुवात कुठून झाली ठाऊक आहे? झाडा-खडकांवर वाढणाऱ्या एका बुरशी-शेवाळाच्या जोडकुळीतून काढलेल्या पदार्थापासून. म्हणजे आपल्या दगडफुलाच्याच जातकुळीतून. तू ज्या डब्यात ती लपवलीस, तिथून तिच्या आजोळाचं नातं लागतं. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं असं करत १९५४च्या सुमारास ही लाल पूड तयार झाली. उंदरांतला क्षय तिनं छान आटोक्यात आणला. पण गिनीपिगवर तिचा पाड लागला नाही, आणि क्षयाच्या कामातून ती बाजूला पडली.

मग १९६२मध्ये आफ्रिकेत, नायजेरियातल्या उझुआकोली इथं, डॉ. ब्राउन आणि डॉ. होगरझाइल यांनी ती कुष्ठरोग्यांना देऊन पाहिली, आणि ती चालली. कुष्ठाचा जंतू आणि क्षयाचा जंतू एकाच कुळातले, चुलत भावंडंच म्हण. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं कुष्ठरोगाला एकाच वेळी दोन-तीन औषधं द्यायचं ठरवलं, त्यात ती आली. तिथून ती माझ्या पाकिटात आली. माझी बोटं शाबूत आहेत, हाताला चव आहे असं तू म्हणतेस, तो हात शाबूत आहे, त्यात तिचा वाटा आहे.

मग क्षयाकडे ती परत कशी आली? क्षयाची नेहमीची औषधं हरायला लागली म्हणून. रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिड ही दोन मुख्य औषधं ज्या जंतूवर चालत नाहीत, त्या क्षयाला एमडीआर म्हणतात. तुझ्या फायलीवर तेच लिहिलंय. आपल्याच राज्यात, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २०११च्या डिसेंबरात चार रुग्णांची नोंद केली, ज्यांच्या जंतूवर तपासलेलं एकही औषध चालत नव्हतं. जगभर त्याची चर्चा झाली. अशा वेळी नवीन औषधं येईपर्यंत वाट बघत बसून चालत नाही, म्हणून डॉक्टरांनी जुन्या कपाटाकडे हात घातला. बांगलादेशात याच्या आधीच, या जुन्या गोळीला सोबत घेऊन केलेल्या नऊ महिन्यांच्या उपचारात २०६ रुग्णांपैकी जवळपास ८८ टक्के बरे झाले आणि पुन्हा आजारी पडले नाहीत, असं २०१०मध्ये छापून आलं होतं. एमडीआरमध्ये हा आकडा ऐकून तेव्हा डॉक्टरांचाही विश्वास बसला नसेल. २०१८मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एमडीआरच्या औषधांची नवी उतरंड लावली, तेव्हा क्लोफाझिमीन वरच्या रांगांमध्ये येऊन बसली. साठ वर्षांनी ती ज्या कामासाठी जन्मली होती, त्या कामाला लागली.

त्याआधी एमडीआरवाल्यांना काय असायचं, हेही कळू दे तुला. महिनोन् महिने रोज एक इंजेक्शन. कानामायसिन आणि त्याच्यासारखी. खुब्यावर सुई टोचायला जागा उरायची नाही, आणि कितीतरी जणांचे कान कायमचे जायचे. बरे व्हायचे आणि बहिरे व्हायचे. तो ऐकू न येण्याचा तोटा कधी भरून निघायचा नाही. तुझ्या कोर्समध्ये एकही सुई नाही. त्या सुईची जागा ज्या गोळ्यांनी घेतली, त्यातली एक तू पुडीत बांधलीस.

आता कानाला लागेल असं बोलते, रागावू नको. तू मला म्हणालीस, "चार गोळ्या तर घेते ना मी, एकच सोडलीय." तसं होत नाही, सोनू. पाच जणी मिळून वाडा राखत असतील आणि एक झोपली, तर चोराला तेवढंच पुरतं. त्यातही ही गोळी आणि तुझी बेडाक्विलिन यांचं एक विचित्र नातं आहे. क्षयाच्या जंतूला औषध बाहेर फेकून द्यायचा एक पंप असतो. जंतूत एक छोटासा बदल झाला की तो पंप जोरात चालतो, आणि तो या दोन्ही गोळ्या बाहेर फेकतो. म्हणजे विटकरी गोळीशी खेळ केलास तर बेडाक्विलिनही हातची जाऊ शकते. आणि बेडाक्विलिन ही चाळीस वर्षांनी क्षयाला मिळालेली नवी गोळी आहे. ती गेली तर पुढे हातात फार थोडं उरतं. मला ही भीती वाटते. म्हणून मी शनिवारी येऊन तुझ्याबरोबर दवाखान्यात बसणार आहे.

तोवर एक काम कर. त्या एकवीस गोळ्या एकदम खाऊन हिशेब पुरा करायला जाऊ नको. राहिलेलं भरून काढणं डॉक्टरांचं काम. टीबी सुपरवायझर दादांना किंवा तुमच्या आशाताईंना उद्या सकाळी सरळ सांग, 'माझ्या इतक्या गोळ्या चुकल्या, कारण रंग.' ओरडतील, ओरडू दे. कारण सांग म्हणजे ते लिहितील. कधीकधी डॉक्टर औषध बदलतातही, पण ते त्यांनी थुंकीचा रिपोर्ट आणि तुझी तब्येत बघून ठरवायचं. आपण दगडफुलाच्या डब्यात ठरवायचं नाही. क्लोफाझिमीन आणि बेडाक्विलिन दोन्हींमुळे हृदयाच्या ठोक्यांवर थोडा परिणाम होऊ शकतो, म्हणून तुझा ईसीजी काढतात. तो चुकवू नकोस. छातीत धडधडलं, चक्कर आली, भोवळ आली, तर वाट बघू नकोस. पोटात खूप दुखायला लागलं तरी तेच. तुझ्या पाचांतल्या लिनेझोलिडनं पायात मुंग्या येतात, डोळ्यांना अंधुक दिसायला लागतं, तेही लपवायचं नाही. तू लपवण्यात फार हुशार झालीस, म्हणून वेगळं सांगते.

एक गोष्ट मी दोन दिवस मनात घोळवतेय. तू रात्री म्हणालीस, "ताई, मला वाटतं मी नसले तर बरं." तेव्हा मी तुझा हात धरला, पण काही बोलू शकले नाही. तुझ्या पाच गोळ्यांत सायक्लोसेरीन आहे. तीही जुनी, पन्नाशीच्या दशकातली. तिनं काहींचं मन खचतं, झोप बिघडते, नाही नाही ते विचार येतात. सगळे विचार गोळीचेच असतात असं मी म्हणत नाही, आजारपण, रंग, लोक, हे सगळं आहेच. पण असा विचार पुन्हा आला की त्याच दिवशी, रात्री बारा वाजले तरी, मला फोन कर आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांग. यावर उपाय असतो. तू वेडी झालेली नाहीस. मावशीला सांगायला तुला जड जात असेल तर मी सांगते.

रंगासाठी काय करायचं, ते माझ्या दोन वर्षांच्या अनुभवातून सांगते. ऊन टाळ. उन्हानं तो रंग आणखी चढतो, आणि आपल्या जळगावला एप्रिल-मेमध्ये पारा ४५च्या आसपास असतो. अकरा ते पाच बाहेर पडायचंच असलं तर छत्री घे, ओढणीखाली चेहरा गुदमरवत जाऊ नको. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल लाव, नडग्यांना जास्त. साबण कमी. गोरं करणाऱ्या क्रीमवर एक रुपया घालवू नकोस. रंग कातडीच्या आत आहे, वरून घासून काय निघणार? माझी अर्धी कातडी मी लिंबू आणि हळदीनं जाळून घेतली होती, तू ते करू नको. गोळी जेवणाबरोबर घे, उपाशीपोटी नको. गडद रंगाचे कपडे घाल, डाग दिसत नाहीत. सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात ना? ते तुझ्या अंड्यांचे, शेंगदाण्यांचे, डाळीचे आहेत, घरातल्या गॅसचे नाहीत, हे मी मावशीला आधीच सांगितलंय.

तू विचारत होतीस, हा बिघडलेला टीबी मलाच का झाला, मी तर एकही गोळी कधी चुकवली नव्हती. कोणाची तरी चूक हवेतून तुझ्यापर्यंत आली असेल. एमडीआरचा जंतू थेटही लागतो, एकाच खोलीत, एकाच बसमध्ये. आणि तुझ्या खोकल्याला पहिले तीन महिने कुठल्या डॉक्टरनं काय काय दिलं, ते आपल्याला ठाऊक आहे. थुंकी तपासा, एवढं कोणी म्हटलं नाही. ही एकट्याची गोष्ट नव्हे. डॉ. उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी मुंबईत १०६ खासगी डॉक्टरांना क्षयाची चिठ्ठी लिहायला सांगितली होती. २०१०मध्ये ते छापून आलं. त्या १०६ जणांनी ६३ वेगवेगळे उपचार लिहिले. अशा चिठ्ठ्यांतून जंतू शिकत गेला. तू त्यात कुठेही दोषी नाहीस. पण आता तुझ्या हातातून तो पुढं शिकू नये, एवढं तुझ्याकडं आहे.

राहिलं लग्नाचं. मावशी त्या चोपड्याच्या स्थळाबद्दल बोलत होती, 'आधी रंग येऊ दे, मग दाखवू.' माझं म्हणणं वेगळं आहे. आधी औषध संपू दे, मग रंगाचं काय ते बघू. आणि मुलाकडच्यांना सांगायचं, टीबी झाला होता, पूर्ण कोर्स घेतला, हा रिपोर्ट. मी सांगितलं नव्हतं. लग्नाआधी बाबांनी मला शपथ घातली होती. तेव्हा हिंदू विवाह कायद्यात असाध्य कुष्ठरोग हे घटस्फोटाचं एक कारण म्हणून छापलेलं होतं. माझा बरा झालेला होता, तरी ते कलम माझ्या उशाशी असल्यासारखं वाटायचं. सात वर्षं मी त्या माणसाबरोबर जेवले, झोपले, दोन लेकरं झाली, आणि दर वेळी अंगावर कुठं फिकट डाग दिसला की माझा श्वास अडकायचा. मग एका रात्री मी तुझ्या भाऊजींना सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "एवढं एकटीनं वाहिलंस?" बस, तेवढंच. ते कलम कायद्यातून २०१९ला गेलं. माझी ती सात वर्षं मात्र गेली ती गेली. तुझी जाऊ नयेत. जो मुलगा रिपोर्ट बघून मागं सरेल, त्याच्या घरी तू खोकलीस तरी घाबरशील.

आता सरकारनं काहींसाठी सहा महिन्यांचा नवा कोर्स मान्य केलाय, २०२४च्या सप्टेंबरात. कोणी तुला म्हणेल, तुझा जुना कोर्स लांब, सोड तो. कोणाला कुठला कोर्स, हे तपासण्यांवर ठरतं. शनिवारी डॉक्टरांना आपण विचारू, मी प्रश्न कागदावर लिहून घेतलेत. पण विचारेपर्यंत रोजच्या पाचच्या पाच गोळ्या ते सांगतील तशा.

पहाटेची सव्वापाचची गाडी धरते, नऊपर्यंत जळगावला पोचेन. तू तयार राहा. ओढणी खांद्यावर घे, डोक्यावरून नको. आणि मावशीला सांग, दगडफूल मी नवीन आणलंय, दवाखान्यातून आल्यावर दोघी मिळून भाजू.